आक्का, तुझा फॉर्म मी परत केला

प्रिय आक्का,

येत्या रविवारी निपाणीत पुन्हा शिबिर आहे. आमच्या महिला मंडळाचं, तेच. विमा नसलेल्या बायकांच्या छातीची तपासणी फुकट करणारं. अध्यक्षीणबाईंनी मागच्या वेळचा फॉर्म माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुम्हीच छापून आणा, तुमचं काम चोख असतं. तीन दिवस तो टेबलावर पडून आहे. त्याच्याकडे बघवत नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

मी बेळगावच्या टिळकवाडीतून पाठवलेली पत्रं तुला तुझी लेक मंगल वाचून दाखवायची. हे कोण वाचणार?

मामानं आपल्या दोघींतली एकच बेळगावला शिकायला नेली. तू म्हणालीस, "धाकटीला न्या. मला सूप धरता येतंय." बारा वर्षांची होतीस गं! मी कॉन्व्हेंटात इंग्रजी प्रार्थना पाठ केल्या, तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्यास. पुढे मी विमा कंपनीत लागले आणि तीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही.

शिबिराच्या फॉर्मवर रेशनकार्डाचा रकाना मीच घातला. गाडीतून उतरून फुकट तपासून घेणाऱ्या बंगल्यातल्या बायकांचा मला राग होता. कार्ड कर्नाटकातलंच हवं, नसेल तर परत, हा नियमही माझाच. देणगी देणाऱ्यांनी तसं काही मागितलं नव्हतं.

आणि रांगेतून तू पुढे आलीस. तुझं सासर निपाणीपासून हाकेवर, पण कागल तालुक्यात. पानं-तंबाखू न्यायला तू निपाणीला, विड्या द्यायला निपाणीला, माहेर निपाणीचं. कार्ड तेवढं महाराष्ट्राचं. मी ते पाहिलं आणि फॉर्म तुझ्याकडे सरकवला.

"न्हाय चालत व्हय?" तू हळूच विचारलंस.

नियम सगळ्यांना सारखा, मी म्हटलं. तुमच्या बाजूला शिबिर लागेल तेव्हा तिकडे दाखव. शेजारच्या बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, कोण या? मी म्हटलं, ओळखीच्या आहेत. ओळखीच्या! तुला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा मी रांगायला लागल्यापासून तू वाचत आली होतीस. तू कार्ड पिशवीत घातलंस, "बरं" म्हणालीस आणि गेलीस.

त्या संध्याकाळी मला अभिमान वाटला, आक्का. सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा वशिला लावला नाही म्हणून. आज खरं सांगते. वशिल्याची भीती नव्हती. भेगाळल्या टाचांची, अंगाला तंबाखूचा वास असलेली ही बाई माझी थोरली बहीण आहे, हे त्या टेबलाशी माझ्या तोंडून निघालं नाही.

पण मी तुझ्यावरही रागावले आहे. छातीत हाताला गाठ लागते, हे का बोलली नाहीस? मंगल सांगते, दोन महिने लागत होती आणि तू म्हणायचीस, वाकून बसल्यानं आली असंल. तो दिवस कारखान्यात विड्या द्यायचा होता, तो मोडून तू आलीस. परक्या डॉक्टरणीपुढे पोलकं काढायची लाज वाटत होती, धाकटी शालू जवळ असली तर जमंल, असं मंगलला म्हणालीस. आणि माझ्यासमोर उभी राहून एक शब्द नाही! एरवी भावकीला धारेवर धरणारी तू!

वर्षभरानं तुला कोल्हापूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी फार उशीर झाला म्हणून सांगितलं, आणि तू गेलीस.

आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा असावी यावरून रस्ते अडतात. छातीतली गाठ कुठल्या राज्यात दाखवायची, हे मात्र सीमेवरच्या बाईला कुणी सांगत नाही. यावर मी वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहू शकते. लिहायला घेतलंही होतं. फाडलं. तुला परत पाठवायला कुठलं सरकार आलं नव्हतं, मी आले होते.

काल मंगलकडे गेले, रविवारी शिबिराला ये म्हणायला. तिनं खुर्ची दिली, चहा दिला आणि मला अहो-जाहो केलं. मला, तिच्या मावशीला! म्हणाली, "आईला कागद मागितलासा. आता मला कशापायी बोलवायला आलासा?"

मी चहाचा कप खाली ठेवला. मग तिनंच विचारलं, तुमची स्वतःची तपासणी झालीय का? नाही गं आक्का. एवढ्या बायकांना मी भाषणं दिली, पण माझी कधीच नाही. मला विमा आहे, वेळ आहे, धीर नाही. तिला तसंच सांगितलं. तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं. "भ्या वाटतंय व्हय मावशे?" म्हणाली.

आज रकाना खोडला. अध्यक्षीणबाईंना फोन करून कारणही सांगितलं. गेल्या वेळी माझ्या बहिणीला मी परत पाठवलं, असं.

शनिवारी बेळगावात माझी तपासणी आहे, मंगल सोबत येणार आहे. रविवारी निपाणीत तिची. टेबलावर दुसरी कुणीतरी बसेल. मी मंगलबरोबर पडद्याच्या आत जाईन आणि तिचं होईपर्यंत तिचं पोलकं हातात धरून उभी राहीन. हा माझा शब्द आहे, आक्का.

तुझी धाकटी बहीण,
शालू