कोपऱ्यातली काच

हसनाबाद, २००३

प्रिय भुजंग,

तुझ्या लेकीच्या पाठवणीला तुझी जुनी, आता आमच्याकडे असलेली शेवरोले पिकअप हवी, म्हणून तू आमच्या मालकांना बाजारात गाठलंस. त्यांनी लगेच हो म्हटलं. तुझं नाव निघालं की ते अजून खुलतात. भोळा माणूस.

एक्याऐंशीत तू मला म्हणाला होतास, ‘तुझ्या वडिलांना भेटून मागणी घालतो.’ भेटलास, पण माझ्या लग्नाची गाडी ठरवायला. नवरा-नवरी पुढं बसवायचा आपल्याकडचा रिवाज, आणि त्या गाडीत सीट एकच, सलग. म्हणून मी मधे, डावीकडे नवरा, उजवीकडे तू. गियरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागायचा आणि तू ‘जरा सरका’ म्हणायचास, ओळख नसल्यासारखा. मला तुझी शिसारी आली.

ह्यांनी सहज विचारलं, गाडी कुठली. मग तू जो सुरू झालास! पुढच्या जाळीच्या पाच जाड आडव्या पट्ट्या, मडगार्डात बसवलेले गोल दिवे, दोन तुकड्यांची समोरची काच, हौद्यात लाकडी फळ्या आणि पोती सरकायला मधे लोखंडी पट्ट्या. ‘पायानं स्टार्टर दाबला की बराबर उठती. अन् केबिनच्या मागं, कोपऱ्यात ह्या वळलेल्या काचा पाह्यल्या का? मागचं सगळं दिसतं.’ दिसत होतंच. कुंभार पिंपळगावच्या वेशीत माझी आई फुफाट्यात बसली होती. अंबड आलं तरी तुझं गाडीपुराण चालूच होतं, माझ्याकडे एकदा वळून बघितलं नाहीस.

पुढं तू गाडी विकायला काढलीस आणि ह्यांनीच घेतली. दर दसऱ्याला त्या पाच पट्ट्यांना झेंडूचा हार मीच घातला, आणि मनात तुला शिव्या.

काल हे कोर्टाच्या तारखेला अंबडला गेले, तेव्हा मी मुनीर भंगारवाल्याला बोलावलं आणि समोर उभं राहून गाडी कापायला लावली. सीट आधी. हे आले आणि न जेवताच झोपले. त्यांचं मला वाईट वाटतं, तुझं बिलकुल नाही. कोपऱ्यातली एक काच तेवढी शाबूत काढून घेतली, ती पत्र आणणाऱ्याजवळ दिली आहे. लेकीला एसटीनं पाठव. ती निघाली की काच डोळ्यांपुढं धर आणि ती रडते का बघ. माझ्या वेळी तुझं बघायचं राहून गेलं होतं.

तुझीच, त्या सीटवर मधे बसलेली,
गिरिजा