हँडलवरची गाठ

पुणतांबा. मंगळवार, संध्याकाळ.

यादीचा कागद मी हरवतो, मोबाईल उघडला की भलतंच बघत बसतो. म्हणून सकाळी रुमालाला दोन गाठी मारल्या होत्या. गॅस सांगितला, एक सोडली. दुसरी कशाची? राहात्यात रसवंतीवर गप्पांत बसलो अन् पार विसरलो.

घरी आलो तर दारात आत्या. "आनलं का रं माझं इन्सुलिन? सकाळीच सपलंय."

हात खिशातल्या गाठीवर गेला. डॉक्टर म्हणतात, हा आळस नाही, एडीएचडी आहे. पण आत्याच्या शुगरला ते कोण सांगणार?

तशीच गाडी वळवली. आत्यानं रुमाल ओढून घेतला, हँडलला बांधला. "खिशातली गाठ दिसती व्हय तुला, येड्या?"

राहात्यात पोचलो तेव्हा मेडिकलचं शटर अर्धं खाली आलं होतं. मिळालं.

आत्याचं इंजेक्शन झालं, जेवणही झालं. गाठ अजून हँडलवरच आहे. सोडायला हात होत नाही.