लॉनमधला नागरमोथा

रविवार, सांजच्याले

हात दुखून राहिले, पण हसू थांबत नाही. मागच्या रविवारी लॉनमध्ये नागरमोथा माजला म्हणून पोरगा औषध फवारणार होता. मीच आडवी आली. नात दीड वर्साची, दिसलं ते तोंडात घालते. म्हटलं, "फवारू नोको, मले निंदू दे."

सून हसली, "आई, हे का वावरातली धानाची बांधी होय? चार दिवसांत पुन्हा उगवते."

मले का मालूम नाही? जमिनीत गाठ राहिली का सारी मेहनत बेकार. रोज सांजच्याले पानी टाकलं, सकाळी ओल्या मातीतून खुरपीनं एक एक गाठ काढली. तिसऱ्या दिवशी सून स्वतःच बाजूले येऊन बसली. गाठ तुटली का मी तिले रागावत होती. तशा माह्या हातूनही तुटल्या, पण ते सांगतलं नाही.

आज संपलं म्हणून नातीले लॉनवर सोडलं. तिनं गवत उपटलं अन् सरळ तोंडात. कोणी ओरडलं नाही. मी बोट घालून काढलं, तं माह्या नजरेतून सुटलेला नागरमोथा! गाठीसकट, साबूत!

सून म्हणते, "आई, उद्यापासून तुम्हाले सुट्टी. आता निंदाले हेच!"