मठाधिपतीणबाईंचे दोन तुकडे

३ नोव्हेंबर
आज आमच्या नाणी-संग्राहक मंडळात अध्यक्ष नेटेलबेकबाईंनी एक नाणं दाखवलं. कागदाइतकं पातळ, ठसा एकाच बाजूने. आमच्याच क्वेडलिनबुर्ग गावच्या जुन्या मठाधिपतीणबाई, हातात लिलीचं फूल. हे काय आहे ते जो नेमकं सांगेल, त्याला मंडळाच्या नाण्यांच्या कपाटाची किल्ली. बेकरीवाल्या विल्फ्रीडने अर्धा मिनिट पाहिलं आणि चिठ्ठी लिफाफ्यात घालून दिली. बिचारा! मी अभ्यासाला म्हणून घरी आणलं. खरं तर हातात घेताच ओळखलं होतं. बारावं शतक, अस्सल चांदी. एकोणीस वर्षं या किल्लीवर डोळा आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी ९
कड जराशी वाकलेली. अंगठ्याने सरळ केली.

९.०२
दोन तुकडे.

९.४०
आठशे वर्षं टिकलं, माझ्याकडे एक रात्र. निश्चय : गुडरूनला सांगायचं नाही.

१०.१५
बायकोपासून काय लपवायचं? सांगितलं. म्हणाली, जा आणि कबूल करून ये, त्या काय खाणार आहेत तुला? हिला मंडळ काय चीज आहे ते माहीत नाही.

६ नोव्हेंबर
बेल वाजली. मी कपाटामागे. पोस्टमन होता.

८ नोव्हेंबर
बाजारात नेटेलबेकबाई समोर! विचारतात, काय ओल्डेकोप, आमच्या बाई बऱ्या आहेत ना? म्हटलं, मजेत. कोबी तिथेच विसरून आलो.

१० नोव्हेंबर
सुटलो! पुस्तकात सापडलं : त्या काळी सुट्टे नसले की लोक नाणं कापून अर्धं वापरत. म्हणजे मी मोडलं नाही. त्यांचं राहिलेलं काम पुरं केलं. सभेत यावर वीस मिनिटं बोलणार.

११ नोव्हेंबर
आज हंस भाजून खायचा सण, पण माझं ताट तसंच राहिलं. मोडलेली कड चकाकते! जुनी तर काळी हवी. उपाय आहे : उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात कोंडली की चांदी काळवंडते. दोन अंडी.

१२ नोव्हेंबर
काळवंडली नाही. चार अंडी.

१४ नोव्हेंबर
डझन. तरी नाही. चांदी फारच शुद्ध असणार. गुडरून सगळ्या खिडक्या उघडून बसली आहे.

१७ नोव्हेंबर
सभा. ठरल्याप्रमाणे वीस मिनिटं बोललो. नेटेलबेकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मोडलंत ते बरंच झालं, नाहीतर आतलं दाखवायला मलाच कापावं लागलं असतं. कथील आहे, गेल्या वर्षीच्या जत्रेतलं. विल्फ्रीडच्या चिठ्ठीत एकच शब्द होता : कथील. किल्ली त्याला. कोणी रागावलंसुद्धा नाही. उलट मला प्लमकेकचा मोठा तुकडा वाढला.

१८ नोव्हेंबर, सकाळी
आता खरी भीती वाटते. माझ्या कपाटात एक्केचाळीस नाणी आहेत. सगळी मी हातात घेताच ओळखलेली. दोन अंडी उकडली. सर्वांत लाडकं नाणं डब्यात ठेवलं.

संध्याकाळी ५
उघडलं. चकचकीत.

५.१०
निश्चय : उरलेल्या चाळीस नाण्यांना अंडं दाखवायचं नाही. गुडरूनने विचारलं, काय झालं? म्हटलं, चांदी फारच शुद्ध आहे. तिने दोन्ही अंडी सोलून मीठ लावून माझ्यापुढे ठेवली.