चुन्याच्या रेघेतली खाट

आंधळगाव,
१९ जानेवारी २०२५

ती. भागीरथाताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरून घेता. मागे मी गुड्डीची परीक्षा संपली म्हणाले, तर तुम्ही तिची सोयरीक जमली असं साऱ्या बपेऱ्याला सांगून मोकळ्या झालात. म्हणून आता कागदावरच लिहिते.

तुमच्या भावाच्या तेरवीला तुम्ही जिला टेकून बसला होतात, ती मागची भिंत नंतरच्या पावसात बसली हे तुम्हाला माहीत आहेच. नत्थू मिस्त्री पाहून गेला. बाकीच्या भिंतींनाही ओल लागली आहे, समोरची खोली आणि तिच्यापुढची उघडी सपरी सोडून सगळं उतरवावं लागेल, असं त्याचं म्हणणं. धान घरात आलं आहे, आता हात मोकळे आहेत. बांधायचं तर उन्हाळ्याआधी.

प्रश्न एवढाच आहे की किती बांधायचं. ह्यांनी मागच्या वर्षी अंगणात काठीने चार खोल्या आखल्या होत्या. तुम्हीही तेव्हा पाहिल्या. पण त्या वेळी घर वेगळं होतं. मला वाटतं, मागे दोन खोल्या पुरतील. एक आईंना. एक लेकीला, कारण गुड्डी नागपूरला नर्सिंगला असली तरी सुट्टीत येईल. तुम्ही आणि धनीरामजी आलात तर सपरीत ऐसपैस जागा आहे. याहून मोठं घर झाडायचं कोणी?

हे मी विचार करून लिहिते आहे की थकून, हे मलाच सांगता येत नाही. डायरीत दोन्ही बाजू लिहून पाहिल्या, दोन्ही खऱ्या वाटल्या. मला रडू येत नाही, ताई. शाळेत शिकवते, घरी येऊन भात टाकते, आईंच्या पायाला तेल लावते. सगळं होतं. हाताला मुंग्या आल्यावर आपण वस्तू धरतो, पण ती धरली आहे हे कळत नाही, तसं.

तुमचं मत कळवा. आईंचे आशीर्वाद. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
ज्योत्सना


बपेरा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्सना हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी ‘सौ.’ लिहायची माझ्या हाताला वीस वर्षांची सवय आहे. आज हात तिथं थांबला. जागा मोकळीच सोडली आहे, राग नको मानू.

दोन खोल्या वाचून मले काही गोड लागलं नाही. माझ्या भावानं चार आखल्या आणि तू कायले अर्ध्या करून राहिली? लेकीबाळी येतात, सणवार असतो, आईच्या वयाचं माणूस आजारी पडलं तर चार लोक रात्री थांबतात. उद्या मी आली आणि सपरीत निजली तर गाव म्हणेल, भागीरथाचं माहेर ओट्यावर आलं. हे मी माझ्यासाठी बोलून राहिली असं तुले वाटेल. वाटू दे. थोडं माझ्यासाठीही आहे. भाऊ गेल्यावर माहेर राहते की नाही, हे बहिणीले कोणी सांगत नाही.

आणि आमच्या ह्यांच्यासाठी तर एक खोली वेगळीच पाहिजे, तीही तलावाच्या पाळीवर. ते घोरायला लागले की इथं शेजारच्यांची म्हैस दावं तोडते. तू बी.ए. झालेली, तूच हिशोब कर किती जाडीची भिंत लागंल.

तरी भांडण नको. आमच्या बाबांनी जुनं घर बांधलं तेव्हा टेप लावला नव्हता. मिस्त्रीनं चुना टाकला आणि बाबांनी घरातल्या साऱ्या खाटा उचलून त्या रेघांच्या आत मांडल्या. ज्याची खाट त्यानं तिच्यावर निजून पाहायचं, पाय लांब करायचे, उठून दाराकडे चालायचं. मी लहान होती, मी माझ्या खाटेवर उड्या मारल्या म्हणून मार खाल्ला. खाटा मावल्या तेव्हाच पाया खोदला. तूही तसंच कर. मावल्या तर तुझं खरं. नाही मावल्या तर माझ्या भावाचं खरं.

आईले माझा नमस्कार, गुड्डीले पापा. पत्र टाकत जा, माणूस वाट पाहते.

तुझी
भागीरथा


आंधळगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. भागीरथाताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. मागचा भाग उतरवून जमीन सारखी झाली आहे. काल नत्थूने चुन्याने दोन खोल्या आखल्या आणि आम्ही खाटा मांडल्या.

आईंची खाट पहिल्या खोलीत. त्या खरंच निजल्या, डोक्यावर पदर घेऊन. मग म्हणाल्या की सकाळचं ऊन तोंडावर येईल, खाट फिरवा. फिरवली. मग म्हणाल्या की आता पाय दक्षिणेला गेले, मले इतक्यात नाही जायचं. पुन्हा फिरवली. गुड्डी शनिवार म्हणून आली होती, तिची खाट दुसऱ्या खोलीत, पुस्तकाच्या कपाटाला जागा सोडून. तुमच्यासाठी शेजारच्या तेजरामकडून दोन खाटा आणल्या. तुमची आईंच्या शेजारी मांडली, सपरीत नाही. धनीरामजींची मात्र सपरीत, दाराजवळ. तेजरामच्या घरच्यांनी कुंपणावरून विचारलं की वरात कुठून येणार आहे. आईंनी उलट विचारलं की तुले कोणी बोलावलं.

सगळे मावले. दारं उघडतात, मधून पाण्याचा गुंड घेऊन जाता येतं, मी स्वतः जाऊन पाहिलं. आपलं म्हणणं खरं करायला खोटं माप घेत नाही ना, म्हणून दुपारी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा पाहिलं. तरीही मावले.

तेव्हा दोन खोल्या पुरतात. तुम्हीच ठरवलेल्या रीतीने ठरलं आहे, त्यामुळे तुम्ही रागावणार नाही, अशी आशा करते. पुढच्या सोमवारी, चोवीस तारखेला, नत्थू पाया खोदायला घेईल. तेजरामच्या खाटा परत केल्या. आमची मोठी खाट गोठ्यात उभी करून ठेवली आहे. तिची सुतळी पार सैल झाली आहे, आणि ती कुठल्याच दारातून आत जात नाही.

तुमच्या मनातलं माहेर लहान होऊ नये, एवढं मी पाहीन. लोभ कमी करू नका.

तुमची
ज्योत्सना


बपेरा,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्सना हिला आशीर्वाद.

टपालानं हे सोमवारच्या आत पोचणार नाही, म्हणून ह्यांच्याच हाती पाठवते.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. आईची खाट आहे. गुड्डीची आहे. माझी आहे, आणि पाळीवर निजणाऱ्या माणसाचीही आहे. घरातलं एक माणूस त्यात नाही, आणि मी भावाचं, वीरेंद्रचं नाही बोलून राहिली.

तुझी खाट कुठं मांडली, बाई?

पहिलं पत्र काढून पाहिलं. त्यातही नव्हती. मी गुड्डीले फोन लावला. पोरगी घसा फुटेपर्यंत ओरडली तेव्हा मले ऐकू आलं. तू धान साठवायच्या ढोल्याजवळ चटईवर निजतेस म्हणे. पोळ्यापासून. थंडीतही. आईनं विचारलं तर तिथून उंदरांवर लक्ष राहते असं सांगतेस.

मी माझ्या माहेराची जागा मोजून राहिली होती, तू आईची, गुड्डीची. सारे मावले असं तू लिहिलं आणि मलेही एक दिवस खरं वाटलं. मले माझी लाज वाटली, पण ते जाऊ दे.

एक खाट पाठवते. सागाची चौकट घरचीच आहे, अंबाडीची दोरी मी स्वतः विणली. एकटीच्या मापाची आहे. विणताना वाईट वाटलं, तरी विणली. ही रेघांच्या आत मांडल्याशिवाय नत्थूले कुदळ लावू देऊ नको. ह्यांना सांगितलं आहे, खाट मांडल्याबिगर चहा घ्यायचा नाही.

तुझी
भागीरथा


आंधळगाव,
२ मार्च २०२५

ती. भागीरथाताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

धनीरामजी पोचल्याचं त्यांनी सांगितलंच असेल. मालाच्या टेम्पोत खाटेवर बसून आले. नत्थू कुदळ घेऊन उभा होता. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं, खाट उतरवली आणि आईंना आधीच बजावलं की चहा ठेवू नका, मला घरी जाब द्यायचा आहे.

पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग खाट घेऊन फिरले. आईंच्या खोलीत ठेवली तर तुमची निघते. गुड्डीच्या खोलीत ठेवली तर दार लागत नाही. सपरीत ढोला आहे. मी ती उचलून इकडून तिकडे नेत होते आणि सगळे बघत होते. मला तेव्हाही काही वाटलं नाही. हे प्रामाणिकपणे लिहिते, कारण तुम्हाला वाटेल की मी रडले असेन. कपाट कुठे बसवायचं, असा प्रश्न असावा, तसंच होतं ते. शेवटी रेघेच्या बाहेर, निंबाखाली ठेवली. नत्थू म्हणाला की मॅडम, ही घराबाहेर गेली.

आई म्हणाल्या की आधी निजून तर पाहा, लांबीला पुरते का. मी म्हटलं, पुरेल. त्या म्हणाल्या, साऱ्यांनी निजून पाहिलं, तुले काय वेगळा कायदा आहे? म्हणून निजले. दोरी नवी होती, पाठीला टोचत होती. पायाकडे तुम्ही जास्त ताणली आहे. एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. भर दिवसा, उघड्यावर, चार माणसांसमोर मी निजले होते आणि कोणी उठवलं नव्हतं. शाळा बुडाली. आईंनी तेजरामच्या पोरांना हाकलून लावलं होतं, असं नंतर कळलं. धनीरामजी समोरच्या खाटेवर घोरत होते. त्यांना चहा मिळाला असावा.

पाय खाली सोडले तर चुना लागला. मी निजले असताना आईंनी डब्यातला चुना घेऊन, कमरेत वाकून, माझ्या खाटेभोवती रेघ काढली होती. वाकडी आहे. उशाकडे रुंद, पायाकडे नागमोडी. नत्थूचं म्हणणं, अशी भिंत उभी राहणार नाही. आईंनी त्याला सांगितलं की भिंत सरळ कर, पण आतली जागा वीतभरही कमी करशील तर आंधळगावात तुले काम मिळणार नाही.

तेव्हा तीन खोल्या होतील. तुमच्या भावाच्या चार नाहीत आणि माझ्या दोनही नाहीत. तिसरीत मी काय करीन, मला माहीत नाही. ती मला हवी आहे का, हेही अजून सांगता येत नाही. कालपर्यंत चटईवर जायला पाय वळत होते. पण चटई आईंनी धुऊन वाळत घातली आहे आणि ती रोज ओलीच असते.

खाट हलवली नाही. नत्थूने पाया खोदायला घेतला आहे, तो तिच्याभोवतीने. तीन बाजूंनी माती वर आली आहे. हे पत्र तिच्यावरच बसून लिहिते आहे. संध्याकाळपर्यंत चौथीही खोदली जाईल, मग आत यायला एक फळी टाकावी लागेल.

पायाकडची दोरी सैल करायला तुम्हीच या.

तुमची
ज्योत्सना