करीचा नारळ आन तुमच्या पोराचा खांदा

॥ श्री ॥

मुक्काम जानेफळ, तालुका मेहकर. भाद्रपद वद्य. तिथी पंचांगात पाहून लिवा म्हणते घरची, पण पंचांग आत माळ्यावर आन मी वसरीवर, तवा तिथी तुमीच पाहून घ्या.

अमरावती कचेरीचे मोठे कारकून रामरावजी यायले पुंजाजीचा हात जोडून रामराम. इकडे समदे खुशाल. तुमचा दमा कसा आहे? तुमच्या घरच्याईचे गुडघे? अडुळसा उकळून घेत जा, डाक्टरच्या बाटलीनं काई होत नाई. तुमच्या पोराची, म्हणजे वैजनाथची, तब्येत विचारासाठी हे पत्र नाई, कारण तो माह्याच घरी आहे आन आत्ता थालीपीठ खाऊन राह्यला. खांद्याचं खाली लिवतो. आधी घाबरू नका. हाड एकच मोडलं.

(पितरपाठ चालू आहे. या पंधरवड्यात सोयरिकीचं तोंडातून काढू नाई असं घरची, मनकर्णा, म्हणते. मी काढत नाई, नुसतं लिवून राह्यलो.)

तुमी वैजनाथले पोळ्याच्या सुट्टीत माही लेक प्रेमला पाहाले पाठवलं. तो पोळ्याच्या सांजीले आला, धुतलेला सदरा, काळी टोपी, पायात पंपशू, हातात छत्री. खरं सांगतो, मले पोरगा पसंत नाई पडला. छत्री भिंतीले टेकवाच्या आधी त्यानं भिंत रुमालानं पुसली. म्हटलं हा नांगराले हात लावाच्या आधी नांगर धुईन. दुसरा दिवस करीचा. करीच्या दिवशी पोरगी दाखवाची नाई, म्हणून मनकर्णानं कार्यक्रम तिसऱ्या दिवसावर ढकलला. तेवढ्यानंच समदं झालं. ढकलला नसता तर पोहे खाऊन, पोरगी पाहून, माहा नकार घेऊन वैजनाथ सांजीच्या गाडीनं निघाला असता आन तुमाले धडधाकट भेटला असता. तवा खांद्याचा दोष मनकर्णाच्या पंचांगाचा.

आता मधात एक गोरा साहेब येते, त्याले टाळून पुढं जाता येत नाई. नाव बार्लो, देश अमेरिका. मेहकरले कापसातली सरकी काढाचा नवा जिन उभा होऊन राह्यला, त्याचं इंजिन बसवाले तो पोळ्याच्या आठ दिवस आधी खामगावाहून निघाला आन आमच्या शिवारात त्याची बॉयलरची गाडी काळ्या मातीत चाकाच्या आसापर्यंत बसली. गावचे बैल लावले, काई हालली नाई. रस्ता सुकेपर्यंत साहेब माह्या वसरीवर. संगं तुळशीराम फिटर, खामगावचाच, साहेबासोबत राहून त्याची भाषा शिकलेला. साहेब चिलीमभर वेळ बोले आन तुळशीराम दोन गोष्टीत आटपे. तवा मी साहेबाचं जे चरित्र लिवतो ते तुळशीरामनं गाळून देलेलं आहे.

साहेबाचा बाप आपल्यावानीच शेतकरी, मका पेरे आन डुकरं पाळे. पोराले शेती शिकाले कालेजात घातलं (शेतकऱ्याच्या पोराले शेती शिकाले कालेज कायले पाह्यजे, मले समजलं नाई). तिथं चामड्याच्या चेंडूचा खेळ. नाव पायाचं, पण पाय पळापुरता. चेंडू काखेत दाबाचा, पळाचं, आन बाकीच्याईनं पाडाचं. डोक्याले मार लागू नाई म्हणून पोट्टे बायकांवानी केस वाढवत, आन नाकाले कातड्याचं झाकण बांधत. मी इचारलं, मंग शिकत कवा? साहेब म्हणे, माह्या बापानं हेच इचारलं होतं.

पुढं त्याच कालेजानं त्याले वस्ताद केलं. आपल्या तालमीच्या वस्तादावानीच, पण पगारी, आन वय पोट्ट्याईएवढंच. त्याची युक्ती एकच. साऱ्या गड्याईनं नांगराच्या फाळावानी टोकदार उभं राहाचं, एकमेकाच्या कमरेले धराचं, चेंडूवाला मधात, आन समोरची फळी फाडत जाचं. लय जिंकला. एका शहरानं त्याले खांद्यावर घेऊन वाजतगाजत फिरवलं आन दुसऱ्या साली हारल्यावर त्याच लोकाईनं त्याची पेटी टेसनावर नेऊन ठेवली. असे किती तरी कालेजं झाले. मंग तिकडे खेळात पोट्टे मराले लागले, मोठे लोक बसले आन कायदा बदलला. गर्दी करून ढकलणं बंद, आन चेंडू समोर फेकाची मुभा. साहेब म्हणे, फेकणं म्हणजे ज्याच्यात उचलून न्याची धमक नाई त्याचं काम. तो ढकलतच राह्यला आन दुसरे त्याच्या डोक्यावरून फेकत राह्यले. शेवटी नोकरी वाचवासाठी त्यानं एक दांडगा लोहार आणला, सकाळी त्याचं नाव कालेजात घातलं आन दुपारी खेळवला. जिंकले. पण समोरच्याईनं लोहार ओळखला, कारण त्यानं त्याईच्याच घोड्याले नाल मारले होते. गेली वस्तादी. तवापासून साहेब इंजिनं बसवते. म्हणे इंजिन जिंकत नाई, हारत नाई, नुसतं चालते. हे मले पटलं. बिनगडबडीचा माणूस.

तर आमच्या गावी करीचा नारळ असते. गावाचे भाग दोन, वरलं वेटाळ आन खालचं. चावडीसमोर गुरव नारळ फेकते. वरल्या वेटाळानं तो वरच्या महादेवाच्या पायरीवर न्याचा, खालच्या वेटाळानं खाली वेशीतल्या मारुतीच्या ओट्यावर. ज्याचा नारळ टेकला त्याचे बैल पुढच्या पोळ्याले तोरणाखालून पहिले जातीन. आमचं वेटाळ वरलं. मागच्या कैक सालापासून खालचेच जिंकतात. त्याईच्याकडे उकंडराव, त्याची तालीम, आन उताराचा रस्ता. आमाले चढ. उकंडराव दरसाली पोळ्याले माह्या बैलाईच्या समोरून त्याचे बैल नेते आन मले पाहून मिशीतल्या मिशीत खोकते. माहं वय झालं, रामरावजी. मले एकदा तरी माहे बैल पुढं पाहाचे होते. दुसरी काई इच्छा नाई.

साहेबानं हे ऐकलं आन तो बाजेवरून उठूनच उभा राह्यला. म्हणे हा तर माहाच खेळ, फक्त चेंडूले शेंडी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटपासून खळ्यात आमचे पोट्टे त्याच्या ताब्यात. निंबाले सरकीचं पोतं टांगलं आन त्याले खांद्यानं धडका माराले लावल्या. धोतर धरून पाडतात म्हणून समद्याईले लंगोटावर आणलं (बायाईनं त्या बाजूनं पाण्याले जाणं बंद केलं, दोन दिवस विहिरीवर भांडण). तळलेलं बंद, बिडी बंद. मोतीराम सगळ्यात दांडगा, तवा फाळाचं टोकबी तोच आन नारळबी त्याच्याच काखेत.

करीच्या दुपारी गुरवानं नारळ फेकला. मोतीरामनं काखेत दाबला, पोट्ट्याईनं फाळ धरला आन निघाले. काय सांगू, उकंडरावचे पहिलवान वखरातल्या तणावानी दोन्हीकडे पडून राह्यले. साहेब बाजूनं पळून राह्यला, टोपी कुठं, चष्मा कुठं. आन वाण्याच्या दुकानाजवळच्या वळणावर, जिथं वरल्या घराईचं सांडपाणी येते, तिथं मोतीराम गुडघ्यापर्यंत बसला. बॉयलर बसला तसाच. मागचे समदे त्याच्यावर. खालच्या वेटाळानं गराडा घातला. मोतीरामचा फक्त हात मोकळा. त्यानं नारळ वरच्या अंगाले भिरकावला.

वाण्याच्या ओट्यावर तुमचा वैजनाथ चिखल टाळून उभा होता. नारळ त्याच्या पोटावर बसला आन त्यानं धरला. कोणताबी शहाणा माणूस असता तर त्यानं तो खाली ठेवून माफी मागितली असती. समोरून तालमीचे गडी येऊन राह्यले. वैजनाथनं छत्री टाकली आन पळाला. वरल्या अंगाले, चढावर. एक पंपशू चिखलात राह्यला, दुसरा त्यानं सोताच झटकला. महादेवाच्या पायरीवर त्याईनं त्याले गाठलं, तो नारळावर पडला आन ते त्याच्यावर. तवा ते हाड मोडलं, गळ्याखालचं. पण नारळ पायरीवर टेकला होता. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, आन माहे डोळे अजून चांगले आहेत.

मंग उकंडराव आला आन त्यानं जुना नेम काढला. नारळाले हात लावाचा तो वेटाळाच्या माणसानं, नाई तर वेटाळाच्या जावयानं. हा अमरावतीचा बाबू कोण? नेम खरा आहे, माह्या बापानंच सांगतलेला. तुळशीरामनं साहेबाले समजावलं तं साहेब पायरीवर बसून डोळ्यातून पाणी येईपर्यंत हासला. त्याले त्याचा लोहार आठवला. मले हासू आलं नाई. मले माहे बैल दिसले, परत उकंडरावच्या मागं.

मी म्हटलं, "हा माहा जावई आहे. माही प्रेमला याले देली."

उकंडराव म्हणे, "कवा देली?"

"आत्ताच."

त्यानं खाली वाकून वैजनाथले इचारलं, काय बाप्पा, तू जावई हायस का? तुमचं पोरगं तोंडातला चिखल थुकून म्हणे, "हो, पण आधी माझ्या खांद्यावरून उठा."

तर रामरावजी, सोयरीक अशी झाली. तुमाले इचारलं नाई, पत्रिका पाह्यली नाई, देण्याघेण्याचं बोलणं नाई, हे समदं तुमाले खटकीन. पण महादेवासमोर झालं, साऱ्या गावासमोर झालं, याहून पक्कं काय पाह्यजे? मी एवढा समाधानी कैक सालात नव्हतो. साहेबबी खुश. जाताना म्हणे, ज्या फेकीवर मी जलमभर दात खाल्ले तिनंच त्या दिवशी खेळ वाचवला, आन ती फेकणाऱ्याले मी शिकवलंबी नव्हतं. रस्ता सुकला, बॉयलर निघाला, साहेब मेहकरले गेला. आठवण म्हणून सरकीचं पोतं तसंच टांगलं आहे, आता लहान पोट्टे धडका मारतात.

पत्र लांबलं. मले असं लांब लिवलेलं आवडत नाई. घरी समद्याईले रामराम, लहानाईले आशीर्वाद.

तुमचा
पुंजाजी

ता. क. – वैजनाथ गाडीत बसू शकते असं डाक्टरनं मागच्या बाजारालेच सांगतलं. मी त्याले सांगतलं. मनकर्णानं सांगतलं. तो म्हणते अजून दुखते. दुखते ते सकाळी. दुपारी प्रेमला वसरीवर सरकी निवडाले बसली म्हणजे नाई दुखत, एका हातानं निवडू लागते. वर नकाराचं लिवलं ते खोडाचं राह्यलं, तुमी खोडा.

आणखी ता. क. – हे पत्र मी प्रेमलाले वाचून दाखवलं, कारण तिनं दाखवाले लावलं. करीच्या दिवसापासून ती माह्याशी बोलत नव्हती. आज बोलली. म्हणे, "आबा, पोरगा मले चालते. पण मी नारळापायी देलेली पोरगी म्हणून नांदाले नाई जाणार. नारळ परत करून या, मंग मले इचारा." मी म्हटलं, तुले समजते का माहे बैल... ती म्हणे, समजते. आन आत गेली.

तवा आत्ता सांजीले मी नारळ घेऊन खालच्या वेटाळात उकंडरावच्या दारी जाऊन आलो. त्याच्या हातात देला. त्यानं बसवलं, चहा पाजला, आन खोकला नाई. पुढच्या पोळ्याले त्याचेच बैल पहिले. घरी आलो आन प्रेमलाले इचारलं. ती हो म्हणाली. तवा वर जितक्या ठिकाणी मी जिंकल्याचं लिवलं, तितक्या ठिकाणी तुमी जरा हळू वाचा.

आता तुमी पितरपाठ सरला की घरच्याईले घेऊन या, पत्रिका आणाची तं आणा, बँड लावाचा तं लावा, मी काई बोलणार नाई. पण तुमचा होकार पाठवा. माह्यापाशी आता नारळ नाई आन तुमचा शब्दबी नाई. दोन्ही हात रिकामे घेऊन मी वसरीवर बसलो आहे, आन पोरगी दारातून पाहून राह्यली.