लाल फुलीचा कागद

मी, सगुण रामचंद्र नाईक, वय ७४, निवृत्त कारकून, राहणार आरोंदा, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण काय लिहितो ते मला कळते. माझी पत्नी नर्मदा, गावच्या शाळेतील शिक्षिका, गेल्या माघात वारली. आम्हाला मूल नाही.

१. घर व मागचे परडे पुतण्या ओमकार याला द्यावे. काकीला त्याने खांदा दिला. त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ हरिश्चंद्र, शिरोड्याहून आला होता, पण घरासमोरच्या खळ्यातच उभा राहिला. त्याचे कारण कलम ३ मध्ये आहे.

२. नर्मदेची कात्री, लाकडी पट्टी आणि भिरभिऱ्यांना लावायच्या खराट्याच्या हिरांची, म्हणजे काड्यांची, जुडी समीक्षा हिला द्यावी. ती नर्मदेची विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका आहे. नर्मदा एका कागदी भिरभिऱ्यावर चार विषय शिकवीत असे. चौरस, कर्ण, त्रिकोण हे गणित. चार पात्यांवर एकाच वाक्याचे चार शब्द, हे व्याकरण. मग मुलांना खाडीवर नेई. दुपारी समुद्राकडून येतात ते खारे वारे, पहाटे जमिनीवरून जातात ते मतलई, हा भूगोल. आणि याच वाऱ्यांची वाट पाहत मालवणला गलबते थांबत, हा इतिहास. मला हे समीक्षाने सांगितले. मी नर्मदेचा वर्ग कधी पाहिला नाही.

३. भिरभिऱ्यांसाठी मी नर्मदेला पाठकोरे कागद देत असे. कापायला हरकत नाही अशा कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मी लाल पेन्सिलीने फुली मारी. फुलीशिवाय कागदाला ती हात लावत नसे.

सन २००४ मध्ये वरच्या सामाईक काजूच्या डोंगरातील आपला अर्धा हिस्सा मला देण्यास हरिश्चंद्रने लेखी संमती दिली. आठ दिवसांत तो कागद नाहीसा झाला. चौरस काढताना कापलेली त्याची वरची पट्टी नर्मदेच्या पिशवीत सापडली. सगळ्यांसमोर मी तिला बोललो. ती एवढेच म्हणाली, “कागदार फुली होती.”

मी म्हणालो, “नव्हती.”

हरिश्चंद्र म्हणाला, “वयनी, माझ्या सहीचो भिरभिरो केलंस, आता डोंगराचो पण कर.” पुन्हा त्याने सही केली नाही आणि उंबरा ओलांडला नाही. नर्मदेने त्यानंतर माझ्याकडून कागद घेतला नाही. निवृत्त होईपर्यंत जुन्या दिनदर्शिका कापल्या.

दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवेना. मी पुष्कळ काही कबूल केले, हे सोडून. फुली मीच मारली असेल, ही शंका मला तेव्हाही होती. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. दोन दिवसांनी समीक्षा भेटायला आली. चौथीत असताना बाईंनी बक्षीस दिलेले भिरभिरे तिने कंपासपेटीत जपले होते. एका पात्याच्या आतल्या बाजूस हरिश्चंद्रची सही होती. शेजारी लाल फुली होती. पेन्सिल माझी, हातही माझा.

४. काजूच्या डोंगरातील माझा अर्धा हिस्सा हरिश्चंद्रला द्यावा. अट एकच. कलम ३ ओमकारने त्याला घराच्या आत, माजघरात बसवून मोठ्याने वाचून दाखवावे. भिरभिरेही दाखवावे. ते समीक्षाचे आहे, तिला परत करावे.

५. माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर कोणी काही कबूल करू नये. थांबावे.

साक्षीदार: सिद्धेश वासुदेव केरकर, आरोंदा. गौरजा अनंत पेडणेकर, आरोंदा. दोघांसमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी केली.

या मृत्युपत्राची पाने दोन. सही करण्यापूर्वी दोन्ही पाने उलटसुलट करून उजेडात पाहिली. समीक्षाकडूनही पाहून घेतली. कोठेही फुली नाही.

सगुण रामचंद्र नाईक
आरोंदा, दि. ९ ऑगस्ट २०२५